डावीकडचं सामान

माझे काका घरं हलवतात. म्हणजे घरं जागच्या जागी राहतात, आतलं सामान हलतं. पण धंद्यात असंच बोलतात. काल दोन घरं हलवली, उद्या एक दवाखाना हलवायचाय. लहानपणी मला काका फार ताकदवान वाटायचे.

काकांकडे एक ट्रक आहे, चार हमाल आहेत आणि एक मुकादम आहे. मुकादमाला सगळे दोरी म्हणतात, कारण त्याच्या खांद्यावर कायम दोरीचं वेटोळं असतं. स्वतःच्या लग्नातल्या फोटोतही आहे. त्या फोटोत नवरी जरा घाबरलेली दिसते.

या धंद्यात काकांचा एकच हट्ट: जुन्या घरात काही म्हणजे काही राहता कामा नये. ट्रक भरला की ते एकटे रिकाम्या घरातून फिरतात, प्रत्येक कपाट उघडून बघतात, खिळ्यावर राहिलेलं कॅलेंडर काढतात, स्वतः झाडू मारतात आणि केर कचऱ्याच्या गाडीत टाकून मगच किल्ली मालकाला देतात. एकदा एका घरात मालकाचे वडील राहिले होते. झोपले होते. काकांनी त्यांनाही ट्रकमध्ये घेतलं.

पण गेल्या वर्षापासून घरं हलेनाशी झाली. लोक जिथे आहेत तिथेच राहायला लागले. काकूच्या भावाचं टाइल्सचं मोठं दुकान आहे, आणि काकूचं म्हणणं असं की आता ट्रक विकावा आणि काकांनी भावाच्या काउंटरवर बसावं. सावलीत काम, वर पंखा. काकांना टाइल्स आवडत नाहीत. एकदा बसवल्या की त्या हलत नाहीत.

अशात वाचनालयाचं काम आलं. म्हणजे येऊ घातलं. गावातलं मोठं वाचनालय नव्या इमारतीत जायचं होतं आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तिघांना विचारलं होतं, त्यात काका एक. बाई फोनवर म्हणाल्या, "आज दुपारी तुमची वेबसाइट बघते आणि संध्याकाळपर्यंत कळवते."

"बघा की," काका म्हणाले.

वेबसाइट नव्हती. पण काकांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही.

काकू जिन्यावरून ऐकत होती. ती म्हणाली, "हे काम आलं तर ट्रक ठेवा. नाही आलं तर उद्या सकाळी भावाला फोन करते. एकदाचा निकाल लागू दे."

तर असं होतं सगळं, आणि मला बोलावलं.

घरात कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून माझं नाव आहे. एकदा काकूचा प्रिंटर चालत नव्हता, मी त्याची पिन सॉकेटमध्ये बसवली, तेव्हापासून. माझं शिक्षण वनस्पतिशास्त्रात झालंय, पण ते कोणी विचारत नाही. वनस्पतीही विचारत नाहीत.

सुदैवाने वेबसाइट कुठेतरी होती. काकांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, ताई, परगावी दाताची डॉक्टर आहे. नवा दवाखाना, पेशंट नसतात तेव्हा वेळच वेळ, आणि पेशंट बहुतेक नसतातच. त्या वेळात तिने बापासाठी अख्खी वेबसाइट बनवून ठेवली होती. मी फोन केला तर ती म्हणाली, "शेवटी आठवण झाली! मेल बघ. फाइली पाठवल्यात, सर्व्हरचा युजरनेम-पासवर्ड पाठवलाय. फाइली पाठवायचं सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घे. उघडलंस की पडद्यावर दोन भाग दिसतील. डावीकडे तुझा कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. डावीकडच्या फाइली ओढून उजवीकडे टाकायच्या. बास. माकडालाही जमेल."

"आणि मला?"

"तुला कळलं नाही तर फोन कर. नको, थांब, करू नकोस. माझ्याकडे पेशंट आलाय. खराखुरा! अक्कलदाढ आहे!" आणि तिने फोन बंद केला. पेशंटपेक्षा तीच जास्त घाबरलेली वाटली.

काकांचं ऑफिस म्हणजे घराखालचं गॅरेज. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीला टेकवलेल्या खोक्यांच्या चवडी आणि न्यायला कोणीच न आल्यामुळे राहिलेला एक पियानो. मी टेबलाशी बसलो. माझ्या उजव्या खांद्यामागे काका, डाव्या खांद्यामागे दोरी. दारात चार हमाल उभे, काही उचलायचं निघालं तर असू द्यावं म्हणून.

सॉफ्टवेअर उघडलं. पडदा खरंच मधोमध दुभागलेला होता. मी पासवर्ड घातला, आणि उजवीकडची रिकामी बाजू एकदम जागी झाली.

"ते काय आलं?" काकांनी विचारलं.

"सर्व्हर. तिकडे सामान न्यायचंय."

"कुठे आहे तो?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? कुठल्या भागात?"

"काका, तो कुठेही असू शकतो. दुसऱ्या देशातसुद्धा."

काकांनी दोरीकडे बघितलं. दोरीने माझ्याकडे बघितलं. "इंजिनेर," तो हळू आवाजात म्हणाला, "पत्ता माहीत नसताना माल पाठवताय?"

"पाठवता येतो."

"कितवा मजला?" काकांनी विचारलं. "लिफ्ट आहे का? वळण किती आहे जिन्याला?"

"काका, मजला नसतो."

"तळमजला," दोरीने समाधानाने सांगितलं, आणि दारातल्या चौघांना बरं वाटलं.

"जड किती आहे?" काका.

"सगळं मिळून बारा एमबी."

"माणसं किती लागतील?"

"मी एकटा पुरेन."

हे ऐकून चारही हमालांनी माझ्या दंडांकडे बघितलं. मग एकाने नजर वळवून पियानोकडे नेली.

मी फाइली निवडल्या, ओढल्या, उजवीकडे सोडल्या. खाली हिरवी पट्टी सरकायला लागली. सॉफ्टवेअरने मध्येच एक खिडकी उघडून काही पर्याय विचारले, प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट. 'दोन्ही बाजू कायम सारख्या ठेवायच्या का?' असाही एक पर्याय होता. सारख्या असलेल्या बऱ्या, असं वाटून मी खूण केली. मग बाकीच्या चौकटींना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही केल्या.

पट्टी भरली. उजवीकडे फाइली दिसायला लागल्या: मुख्य पान, आमच्याबद्दल, संपर्क, ट्रकचा फोटो, काकांचा फोटो, दोरीचा दोरीसह फोटो. मी ब्राउझर उघडून पत्ता टाकला आणि पडद्यावर ट्रक अवतरला. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ओळ होती: 'आमच्याकडून आजवर एकही वस्तू हरवलेली नाही.'

"पोरीने छान लिहिलंय," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला. दोरीने स्वतःचा फोटो बघितला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

मला वाटलं, संपलं. पण काका पडद्याच्या जवळ वाकले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि डाव्या बाजूवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"त्याच फाइली आहेत."

"त्या तर तिकडे गेल्या."

"गेल्या. पण इथेही राहतात."

"अरे, गेल्या की राहिल्या?"

"दोन्ही. ती कॉपी आहे, काका."

"कुठली कॉपी? ही की ती?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. डावीकडची खरी म्हणावी तर ती ताईच्या मेलमधून आलेली. ताईच्या मेलमधली खरी म्हणावी तर ती तिच्या कॉम्प्युटरवरून आलेली. शेवटी म्हणालो, "दोन्ही खऱ्या."

"दोन्ही खऱ्या!" काका दोरीला म्हणाले. "उद्या मी कोणाचा सोफा नव्या घरी पोचवला आणि तो माणूस जुन्या घरी जाऊन बघतो तर सोफा तिथेच, तर तो मला काय म्हणेल?"

"दोन सोफे झाले म्हणून खूश होईल," दोरी म्हणाला.

"घाबरेल तो!"

दोरीने यावर विचार केला आणि मान्य केलं. रिकाम्या घरात रात्री तो सोफा बघायची त्याचीही तयारी नव्हती.

वरून काकूची हाक आली, "अरे, जेवायला ये, गार होतंय." मी उठलो. जाताना म्हणालो, "काका, कशाला हात लावू नका." काका म्हणाले, "छे, मी कशाला लावतोय." दोरी म्हणाला, "मी आहे ना." या तीन वाक्यांपैकी एकही उपयोगी पडलं नाही.

मी जेवून खाली आलो तेव्हा काका खुर्चीत बसले होते, कपाळावरचा घाम पुसत, एखादं घर वेळेत हलवून झाल्यासारखे.

"झालं सगळं व्यवस्थित," ते म्हणाले. "आवरून टाकलं."

"काय आवरलं?"

"डावीकडचं. सगळं काढलं. मग तो कचऱ्याचा डबा असतो ना पडद्यावर, त्यात जाऊन पडलं होतं. तोही रिकामा केला."

"एक कोपरा राहिला नाही," दोरी म्हणाला. "मी स्वतः बघितलं."

मी म्हणालो, ठीक आहे, घाबरायचं काही कारण नाही, सर्व्हरवर सगळं आहेच. आणि उजवीकडे बघितलं. उजवीकडे काहीच नव्हतं. दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या.

मग मला ती चौकट आठवली.

मी काकांना समजावून सांगितलं. म्हणजे मी बोललो आणि ते ऐकत होते. डावीकडे जे होईल तेच उजवीकडे होणार, असं मीच सॉफ्टवेअरला सांगितलं होतं. त्यांनी डावीकडचं काढलं, तर त्याने उजवीकडचंही काढलं, इमानदारीने. ब्राउझरमध्ये पांढरं पान आलं.

काकांनी चष्मा पुसून ते पान परत बघितलं.

"म्हणजे सामान इथे नाही."

"नाही."

"आणि तिथेही नाही."

"नाही."

"मग आहे कुठे?"

मी ताईला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. अक्कलदाढ जोरात असावी. मेल उघडावा म्हटलं, तर मेलही नव्हता. काका म्हणाले, "तोही काढला. सामान गेल्यावर रिकामं खोकं ठेवून काय करायचं?"

काकांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. ते उठले आणि गॅरेजमधली खोकी एकेक करून उघडून बघायला लागले. त्यात वेबसाइट नसणार हे त्यांनाही माहीत होतं. पण माणूस कुठून तरी सुरुवात करतो. दोरीने चौघांना कामाला लावलं. एक जण पियानोच्या आत डोकावला. मी म्हणालो, "अरे, तिथे कशी असेल?" तो म्हणाला, "कशी दिसते ते सांगा, मग बाहेर बघतो." मला सांगता आलं नाही. म्हणून मीही त्याच्या शेजारी जाऊन पियानोत बघितलं.

त्याच वेळी दारात ग्रंथपाल बाई आल्या.

उंच, करड्या केसांच्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. आवाज इतका हळू की हमाल आपोआप पायांच्या बोटांवर चालायला लागले.

"मी तुमची वेबसाइट बघितली," बाई म्हणाल्या.

एका हमालाने पियानोचं झाकण हळूच लावलं.

"पांढरी होती. आधी मला वाटलं, आधुनिक आहे. थोडा वेळ बघितली. मग आमच्या शिपायाने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी पांढरीच. म्हटलं, रस्त्यातच आहे तर समक्ष यावं. काय आहे त्या वेबसाइटवर?"

मी म्हणणार होतो की सर्व्हरचं काम चालू आहे. हे वाक्य मी वाटेत तयारही केलं होतं; म्हणजे पियानोपासून टेबलापर्यंतच्या वाटेत. पण काका पुढे झाले.

"बाई, वेबसाइट आमच्याकडून हरवली."

"हरवली?"

"इथून काढली, तिथे पोचली नाही. पोचली होती, पण मग तिथूनही गेली. हा शिकलेला आहे, हा सांगतो, पण याला पण कळलेलं नाही."

"काय लिहिलं होतं तिच्यावर?"

काकांनी मान खाली घातली. "आमच्याकडून आजवर एकही वस्तू हरवलेली नाही, असं."

बाई खुर्चीत बसल्या. दोरीने नकळत शर्टाचं बटण परत उघडलं. जिन्यावर काकूची पावलं वाजली आणि थांबली.

"बाई, काम दुसऱ्याला द्या," काका म्हणाले. "तुमची पुस्तकं आहेत. मी कुठल्या तोंडाने नेऊ?"

मला वाटलं आता झालं. मनातल्या मनात मी काकांना काउंटरमागे बघितलंही, वर पंखा, समोर तीन रंगांच्या टाइल्स. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

"निघाली!" ताई ओरडली. फोन स्पीकरवर नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "दोन मुळं होती! कसं चाललंय तुमचं?"

मी सांगितलं. पलीकडून असं हसणं आलं की तिच्या पेशंटला नक्की वाटलं असेल, आपलंच काही चुकलं.

"अरे गाढवा, माझ्याकडे आहे की सगळं! माझ्या कॉम्प्युटरवर आहे, पेनड्राइव्हवर आहे, आणि अजून एका ठिकाणी ठेवलंय. पाठवते परत. आणि ती चौकट काढ. आणि बाबांना तिथून उठव."

थोड्याच वेळात फाइली आल्या. मी चौकटीतली खूण काढली, ओढलं, सोडलं. हिरवी पट्टी भरली. ट्रक परत आला.

काका आनंदित होतील असं मला वाटलं होतं. ते आणखीच गोंधळले.

"म्हणजे हरवलंच नव्हतं?"

"नाही."

"मग मगाशी जे हरवलं ते काय होतं?"

मी त्यांना ट्रकचा फोटो परत दाखवला.

ग्रंथपाल बाई मात्र पडद्याकडे टक लावून बघत होत्या. डावीकडे बघत, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. "हे दोन्हीकडे आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तिकडे पोचलेलं दिसल्याशिवाय इकडचं हलत नाही."

"हलतच नाही खरं तर."

बाईंनी चष्मा काढला. "मागे एकदा आम्ही जागा बदलली होती. तेव्हा ज्ञानकोशाचे चार खंड गेले. आमचे कुठलेही वाचक 'झ'पासून पुढचं काही सांगू शकत नाहीत. तुम्ही पुस्तक कपाटातून काढता आणि नव्या कपाटात ठेवता, मान्य आहे. पण मधल्या वेळात ते कुठे असतं?"

"ट्रकमध्ये," काका म्हणाले.

"ट्रक म्हणजे वाचनालय आहे का?"

"नाही."

"म्हणजे तेवढा वेळ ते वाचनालयात नसतं. माझी झोप तिथे उडते." त्यांनी परत पडद्याकडे बोट केलं. "मला असं हवंय. माझं एकही पुस्तक एक क्षणही वाचनालयाच्या बाहेर असता कामा नये. ज्यांना विचारलं ते बाकीचे दोघे म्हणतात, काळजी करू नका. तुम्ही निदान काळजी करताय. जमेल का तुम्हाला?"

मी हळूच काकांचा हात ओढला. हे जमणं शक्य नव्हतं. पुस्तकांना डावी-उजवी बाजू नसते. पण गिऱ्हाइकाने जमेल का विचारलं की काकांच्या तोंडून नाही हा शब्द निघतच नाही.

"जमेल की," काका म्हणाले.

"मग सोमवारी या," म्हणून बाई गेल्या. हमाल त्यांच्यामागे फाटकापर्यंत पायांच्या बोटांवर गेले.

काकू खाली आली. "मिळालं काम?"

"मिळालं."

"करणार कसं?"

"ते मिळालं नाही अजून," काका म्हणाले.

आम्ही चौघं बसून विचार करायला लागलो. मी म्हटलं, माणसांची रांग लावू, हातोहात पुस्तकं. काका म्हणाले, दोन इमारतींच्या मध्ये अख्खा बाजार आहे, लोक मधल्या मधे वाचायला घेतील. काकू म्हणाली, बाईंना सांगा की होणार नाही. पण हे ती दोनदा म्हणाली आणि दुसऱ्यांदा तिने आम्हाला चहासुद्धा आणून दिला, त्यामुळे तिलाही मनातून काम व्हायलाच हवं होतं असं वाटलं. दोरी एका खोक्यावर बसला होता. तो खांद्यावरची दोरी सोडून परत गुंडाळत होता.

"शेठ," तो शेवटी म्हणाला, "वाचनालय म्हणजे काय?"

"पुस्तकं."

"पुस्तकं तर माझ्या साडूकडेपण आहेत."

"मग? पुस्तकं आणि कपाटं."

"कपाटं आपल्याकडे आहेत."

"मग काय म्हणायचंय तुला?"

"पुस्तकं आहेत, कपाटं आहेत, बाई बसल्यात आणि कोणी बोलत नाही. झालं वाचनालय. बाईंना ट्रकमध्ये बसवा."

मी त्यात चूक शोधत होतो. अजून शोधतोय.

सोमवारी आम्ही ट्रकमध्ये दोन्ही बाजूंना कपाटं उभी केली आणि दोरीने ती अशी बांधली की भूकंप आला असता तर तो परत गेला असता. मधोमध बाईंचं टेबल, खुर्ची, शिक्का आणि 'शांतता राखा'ची पाटी. बाई शिडीने वर चढल्या, सगळीकडे बघितलं, पाटी जराशी सरळ केली आणि बसल्या. मग पुस्तकं आणायला लागलो. जुन्या इमारतीच्या दाराला ट्रक असा लावला होता की मध्ये फटसुद्धा नव्हती. वाचनालयातून निघालेलं पुस्तक थेट वाचनालयात येत होतं.

काकांनी ट्रक इतका हळू चालवला की मागून सायकली पुढे जात होत्या. मी मागे बाईंजवळ होतो. बोलायला मनाई होती. उजेड आणि हवा यावी म्हणून मागचं दार उघडं ठेवलं होतं आणि त्याला दोरीने आडव्या दोऱ्या बांधल्या होत्या.

बाजारातल्या सिग्नलला ट्रक थांबला. मागे स्कूटरवर एक गृहस्थ होते. ते आत बघत राहिले. कपाटं, टेबल, बाई. मग त्यांनी स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं आणि डिकीतून एक पुस्तक काढलं.

"हे परत करायचं होतं," ते कुजबुजले. "उशीर झालाय जरा."

बाईंनी दोऱ्यांमधून हात घालून पुस्तक घेतलं, शिक्का मारला.

"दुसरा भाग आहे का?"

"तो अजून जुन्या इमारतीत आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या फेरीला याच सिग्नलला या."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. हॉर्न थांबले.